गण आठच का? अक्षरांच्या मांडण्या आणि रिकर्शन

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी ‘यमाताराजभानसलगं’ घोकलेलं असतं. य गण हवा तर य पासून तीन अक्षरं घ्यायची: यमाता. लघु, गुरू, गुरू. र गण हवा तर राजभा: गुरू, लघु, गुरू. असं करत शेवटी सलगं, म्हणजे स गण. सांगलीत विश्रामबागेत मी प्रोग्रॅमिंगचे वर्ग घेते, आणि रिकर्शनचा पहिला तास याच सूत्राने सुरू करते. फळ्यावर सूत्र लिहिते आणि विचारते, “गण आठच का? नववा का नाही?”

वर्ग गप्प होतो. पाठ सगळ्यांना असतं, पण हे कधी कुणी विचारलेलं नसतं. मग मागच्या बाकावरून हळूच उत्तर येतं: “मॅडम, जागा तीन, आणि प्रत्येक जागी ल नाहीतर ग. दोन गुणिले दोन गुणिले दोन.” अगदी बरोबर. दोनच अक्षरांची अक्षरमाला, तीन अक्षरांची लांबी, आणि त्यातून होणाऱ्या सगळ्या ओळी म्हणजे आपले आठ गण. स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या ओळीच्या, मांडण्या म्हणतात त्या ह्याच.

मोजणं इथे संपलं. खरं काम पुढे आहे: त्या आठही ओळी एकही न चुकता, एकही दोनदा न येता लिहून काढायच्या. मोजायला गुणाकार पुरतो, लिहायला पद्धत लागते.

यंदाच्या वर्गात तासगावहून येणारा एक मुलगा आहे, हात वेगवान. त्याने दोन मिनिटांत एकात एक असे तीन फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणाऱ्या ओळी) लिहिले आणि आठ ओळी छापून दाखवल्या. मी म्हटलं, “आता पाच अक्षरांच्या काढ.” त्याने आणखी दोन लूप घातले, बत्तीस ओळी आल्या. मग मी म्हटलं, “आता किती अक्षरं ते प्रोग्रॅम चालवणारा सांगेल.” तिथे हात थांबला. लूप किती हे प्रोग्रॅम लिहितानाच ठरवावं लागतं, आणि लांबी तर चालवताना कळणार आहे. उत्तर माहीत नसताना लूप मोजून कसे लिहायचे? रिकर्शनची गरज इथे लागते. रिकर्शन म्हणजे फंक्शनने (प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या कामाने) स्वतःलाच हाक मारणं, हे सगळी पुस्तकं सांगतात. पण ती हाक का मारायची हे आधी कळलं नाही तर ती नुसती गंमत वाटते.

आता लूप विसरा. समजा दोन अक्षरांच्या चारही ओळी कुणीतरी आपल्याला तयार करून दिल्यात: गग, गल, लग, लल. मग तीन अक्षरांच्या काढायला आपण काय करायचं? चारींच्या पुढे एकदा ग लावायचा, एकदा ल. आठ झाल्या. दोन अक्षरांच्या चार कुठून आल्या? एका अक्षराच्या दोन ओळींना हेच केलं. आणि एका अक्षराच्या दोन? शून्य अक्षरांच्या ओळींना हेच केलं.

शून्य अक्षरांच्या ओळी किती? इथे मी जरा जास्तच थांबते, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. पोरं पटकन म्हणतात, “शून्य.” पण मग शून्याची दुप्पट शून्य, त्याची दुप्पट शून्य, आणि आठ गणांतला एकही जन्माला येत नाही. शून्य अक्षरांची ओळ एक असते, आणि ती रिकामी असते. रिकामं पाकीट हेही एक पाकीटच. त्या एका रिकाम्या ओळीवर सगळा डोलारा उभा आहे. तिलाच थांबायची अट म्हणतात. ती चुकीची लिहिली तर प्रोग्रॅम एक तर काहीच छापत नाही, नाहीतर थांबतच नाही.

हे सगळं मराठीत लिहिलं तर असं होतं:

प्रस्तार(आतापर्यंत, जागा):
    जागा शून्य असतील तर:
        आतापर्यंत छाप आणि परत जा
    अक्षरमालेतल्या प्रत्येक अक्षरासाठी:
        प्रस्तार(आतापर्यंत + अक्षर, जागा − १)

सुरुवात करायची प्रस्तार(रिकामी ओळ, ३) अशी. पाच ओळींचा प्रोग्रॅम. लांबी तीन असो की तेरा, तो बदलत नाही. अक्षरमालेत ल-ग ऐवजी ० ते ९ घातले आणि जागा तीन ठेवल्या की बॅगेच्या नंबरलॉकचे हजारही आकडे निघतात.

या पाच ओळी वाचताना एकच पथ्य पाळा. आतल्या हाकेच्या मागे मनाने धावू नका. “आता ते परत स्वतःला बोलावणार, मग ते परत...” असं करत गेलात की तिसऱ्या पायरीला डोकं गरगरतं. आपलं काम एका जागेवर एक अक्षर ठेवण्याचं. उरलेल्या जागांचं काम दुसऱ्याकडे दिलं आणि तो ते चोख करील असं धरून चाललं, की झालं. तो दुसरा म्हणजे हेच फंक्शन, फक्त त्याच्या वाट्याला एक जागा कमी.

एकदा तरी मात्र हाताने चालवून बघावं. रिकामी ओळ, तीन जागा. ग ठेवला, दोन जागा उरल्या. परत ग, एक उरली. परत ग, शून्य उरल्या, छापलं: गगग. आता परत मागे, जिथे ‘गग’ लिहिलेलं होतं तिथे. तिथला ग संपलाय, ल बाकी आहे: गगल. आता आणखी मागे, ‘ग’ पर्यंत, आणि तिथून ल ची फांदी: गलग, गलल. शेवटी अगदी मुळाशी येऊन ल ची बाजू सुरू. वहीवर काढलं तर झाडच दिसतं, प्रत्येक फाट्याला दोन फांद्या आणि टोकांना आठ पानं.

फंक्शनला ‘कुठे परत जायचं’ हे कसं आठवतं? प्रत्येक हाकेला संगणक स्वतंत्र पान देतो. त्या पानावर त्या हाकेचं ‘आतापर्यंत’, तिच्या ‘जागा’, आणि कुठल्या अक्षरापर्यंत आलो होतो ते लिहिलेलं असतं. नवी हाक म्हणजे गठ्ठ्यावर नवं पान, काम संपलं की ते पान काढून टाकायचं आणि खालचं वाचायचं. या गठ्ठ्याला स्टॅक म्हणतात. तीन अक्षरांसाठी एकूण हाका एक, दोन, चार, आठ मिळून पंधरा. पण एका वेळी गठ्ठ्यात जास्तीत जास्त चारच पानं. आम्ही शिकतो त्या पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत या गठ्ठ्याला साधारण हजार पानांची मर्यादा घातलेली असते, हे ऐकून पोरं घाबरतात. घाबरायचं कारण नाही. गठ्ठ्याची उंची अक्षरांच्या संख्येएवढी वाढते, ओळींच्या संख्येएवढी नाही.

आता मला ज्याचं खरंच अप्रूप वाटतं ते सांगते. पिंगलाच्या छंदःशास्त्रात, म्हणजे दोन हजार वर्षांपेक्षा जुन्या ग्रंथात, लघु-गुरूंच्या सगळ्या मांडण्या काढायची पद्धत आहे. तिला नावच ‘प्रस्तार’. आमच्या फंक्शनचं नाव तिथूनच घेतलंय. त्या प्रस्तारात गण या क्रमाने येतात: गगग, लगग, गलग, ललग, गगल, लगल, गलल, ललल. म, य, र, स, त, ज, भ, न. आमच्या प्रोग्रॅमचा क्रम वेगळा होता. मग पिंगलाचा क्रम हवा असेल तर काय बदलायचं? पाचव्या ओळीत ‘आतापर्यंत + अक्षर’ आहे, तिथे ‘अक्षर + आतापर्यंत’ करायचं. बस्स. अक्षर मागे जोडण्याऐवजी पुढे जोडलं की आधी शेवटची जागा ठरते, मग मधली, मग पहिली, आणि पडद्यावर म य र स त ज भ न उमटतात. पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसले होते.

निवडीचा प्रश्नही वेगळा नाही. भडंगात वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू यातलं काय काय घालायचं? प्रत्येकासाठी हो किंवा नको. हो म्हणजे ग, नको म्हणजे ल, की झाले तेच आठ गण. नुसतं भडंग एक प्रकारचं, एकच जिन्नस घातलेलं तीन प्रकारचं, दोन घातलेलं तीन, सगळं घातलेलं एक. १, ३, ३, १. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावरच्या टीकेत मेरुप्रस्तार नावाचा जो आकड्यांचा त्रिकोण सांगितला, त्यातली ही ओळ.

अडचण येते ती एकदा वापरलेलं अक्षर पुन्हा वापरायचं नसतं तेव्हा. वर्गात मिरजेची एक मुलगी आहे, गाणं शिकते. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा होते ती ती चुकवत नाही, त्या दिवशी वर्गाला दांडी ठरलेली. ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं तीन स्वर घेऊन पलटे करतात, ते असंच का ओ?” मी म्हटलं, “सांग बघू, लिहिते फळ्यावर.” तिने सांगितलं:

सा रे ग
रे सा ग
सा ग रे
ग सा रे
रे ग सा
ग रे सा

यात स्वर परत येत नाही. पहिल्या जागी तीन पर्याय, दुसऱ्या जागी दोन, तिसऱ्या जागी एक. सहा. आता शेवटचा स्वर बघा. पहिल्या दोन ओळींत ग, पुढच्या दोनांत रे, शेवटच्या दोनांत सा. म्हणजे शेवटचा स्वर पक्का करायचा आणि उरलेल्या दोघांची उलटापालट करायची. पुन्हा तेच, एक ठरवायचं आणि बाकीचं सोपवायचं.

मांडणी(आतापर्यंत, उरलेले):
    उरलेले संपले असतील तर:
        आतापर्यंत छाप आणि परत जा
    उरलेल्यांतला प्रत्येक स्वर, शेवटाकडून सुरुवात करून:
        मांडणी(स्वर + आतापर्यंत, तो स्वर सोडून उरलेले)

आधीच्या प्रोग्रॅमशी ताडून बघा. तिथे पुढच्याला आपण जागांचा आकडा देत होतो, इथे उरलेल्या स्वरांची यादी देतो. फरक तेवढाच. माझं तर मत असं झालंय की रिकर्शन लिहिताना सगळी अक्कल इथेच लागते: पुढच्याच्या हातात नेमकं काय द्यायचं.

हा क्रम गाणाऱ्यांनी सहज म्हणून पाडलेला नाही. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, राजा सिंघणाच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात स्वरांचा प्रस्तार याच क्रमाने आहे. सात स्वरांच्या ५०४० ताना होतात. आज मेरुखंडाचा रियाज म्हणतात त्याचं मूळ हेच.

त्याच मुलीने घरी जाऊन स्वरांच्या जागी आपल्या गावाचं नाव घातलं. ‘मिरज’, तीन अक्षरं, सहा ओळी यायला हव्यात. आल्या चोवीस, आणि त्यातल्या कित्येकांत ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळणारी वेलांटी. तिला वाटलं रिकर्शन चुकलं. रिकर्शन बरोबर होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ‘मिरज’ चार तुकड्यांत साठवतात: म, वेलांटी, र, ज. दिसायला वेलांटी म च्या आधी असली तरी साठवताना ती म च्या नंतर येते. पायथॉन ओळ फोडतो ती या तुकड्यांवर, आणि चार तुकड्यांच्या मांडण्या चोवीस. ‘कृष्णा’ घेतलं तर आणखी गंमत. आपल्याला अक्षरं दोन, कृ आणि ष्णा. संगणकाला तुकडे सहा: क, ऋकार, ष, हलन्त, ण, काना. दोन मांडण्यांच्या जागी ७२०!

म्हणून मराठीत काम करताना आधी ओळीची अक्षरं पाडून घ्यावी लागतात. साधा नियम पुरतो: मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त आला की तो आधीच्याला चिकटवायचा, आणि हलन्तानंतर आलेलं व्यंजनही त्यालाच चिकटवायचं. मग तयार झालेली यादी रिकर्शनला द्यायची. इंग्रजीतून शिकवणाऱ्या धड्यांत हे येत नाही, कारण त्यांना ही अडचण पडतच नाही. आपल्या पोरांना पडते, आणि ती समजतात की आपल्यालाच जमत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अक्षरं नीट पाडली तरी ‘वाळवा’ अडवतो. वा, ळ, वा. प्रोग्रॅम सहा ओळी छापतो, पण खऱ्या वेगळ्या तीनच: वाळवा, वावाळ, ळवावा. दोन ‘वा’ संगणकाला वेगळे वाटतात, आपल्याला नाही. सगळ्या ओळी काढून नंतर दुबार गाळणं हा उपाय चालतो, पण तो आधी पसारा करून मग आवरण्यासारखा. त्यापेक्षा प्रत्येक हाकेने स्वतःपुरती एक छोटी यादी ठेवावी: या जागेवर माझी कुठली अक्षरं ठेवून झाली. तेच अक्षर पुन्हा आलं तर पुढे जायचं. दुबार फांदी फुटायच्या आधीच छाटली जाते. ही यादी त्या एका जागेची, त्या एका हाकेची. ती सगळ्यांची मिळून एकच ठेवलीत तर बरोबर असलेल्या ओळीही गायब होतील.

आणखी एका चुकीबद्दल सांगते, कारण ती मी स्वतः केली होती आणि एक अख्खी रात्र तिच्यात गेली होती. दर हाकेला नवी ओळ बनवण्याऐवजी एकच यादी घेऊन तिच्यात अक्षर लिहायचं, आत जायचं, परत आलं की ते अक्षर खोडायचं, अशीही पद्धत आहे. जागा कमी लागते. ओळ पूर्ण झाली की मी ती यादी उत्तरांच्या यादीत टाकत होते. शेवटी उत्तरं छापली तर सहा ओळी आल्या, सहाही रिकाम्या. कारण पायथॉनमध्ये यादी दुसऱ्या यादीत टाकली की तिची नक्कल होत नाही, तीच यादी राहते. मी सहा वेळा एकाच पाटीकडे बोट दाखवलं होतं, आणि शेवटी ती पाटी पुसून कोरी झाली होती. उत्तरात टाकताना नक्कल करून टाका. चूक एवढीशी, पण ती समजली की स्टॅक आणि मेमरी दोन्ही समजतात.

ओळी किती होतील याचा अंदाज मात्र प्रोग्रॅम चालवायच्या आधी घ्या. भास्कराचार्यांनी लीलावतीत, ११५० साली, विचारलंय की शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं अदलून बदलून दिली तर किती मूर्ती होतील, आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म दिले तर किती? विष्णूच्या चोवीस. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घेतात, त्या चोवीस मूर्ती याच चार आयुधांच्या अदलाबदलीने ओळखतात. आणि शंकराच्या ३६,२८,८००. दहा आयुधं आपल्या लॅपटॉपला झेपतात. तेरा घेतलीत तर सहाशे कोटींच्या वर जातं, आणि सगळ्या छापत बसणं परवडायचं नाही. इंग्रजीच्या सव्वीस छोट्या अक्षरांतून आठ अक्षरी पासवर्ड काढायचे तर वीस हजार कोटींहून जास्त. तिथे सगळ्या ओळी यादीत भरून ठेवू नयेत, एकेक काढावी, वापरावी, सोडून द्यावी. पायथॉनमध्ये त्यासाठी यील्ड हा शब्द आहे. रोजच्या कामाला तर पायथॉनबरोबर येणाऱ्या इटरटूल्स या संचात या तिन्ही प्रकारांची (अक्षर परत येणाऱ्या मांडण्या, निवडी, अक्षर परत न येणाऱ्या मांडण्या) तयार फंक्शन्स मिळतात, ती वापरा. पण एकदा तरी स्वतः लिहिल्याशिवाय नको.

शार्ङ्गदेवाने इथे आणखी एक पाऊल टाकलंय. सगळा प्रस्तार न लिहिता त्यातली अमुक क्रमांकाची तान काढणं, त्याला तो ‘नष्ट’ म्हणतो. तान दिली की तिचा क्रमांक सांगणं म्हणजे ‘उद्दिष्ट’.

सा रे ग म, चार स्वर, चोवीस ताना. सतरावी कुठली? सहा-सहाचे चार गठ्ठे: शेवटी म, शेवटी ग, शेवटी रे, शेवटी सा. सतरापैकी बारा पहिल्या दोन गठ्ठ्यांत गेल्या, म्हणजे आपण तिसऱ्यात, शेवटचा स्वर रे, आणि त्या गठ्ठ्यातली आपली पाचवी. उरले सा ग म. आता दोन-दोनचे तीन गठ्ठे. पाचवी म्हणजे तिसरा गठ्ठा, शेवटी सा, आणि त्यातली पहिली. उरलेल्या ग म मध्ये पहिली म्हणजे म शेवटी. ग म सा रे. चोवीस ओळी न लिहिता चार पायऱ्यांत उत्तर. इथेही तेच रिकर्शन, पण झाडाच्या सगळ्या फांद्या न चढता एकीवरूनच खाली उतरायचं. बारा स्वरांचा प्रस्तार सत्तेचाळीस कोटींच्या वर जातो, तरी त्यातली हवी ती तान बारा पायऱ्यांत हातात येते.

हे फळ्यावर झालं तेव्हा वर्ग सुटायची वेळ झाली होती. मिरजेच्या मुलीने दप्तर आवरता आवरता गाऊन विचारलं, “आणि सा म ग रे?” तासगावच्या मुलाने बोटांवर धरलं: शेवटी रे, म्हणजे आधीचे दोन गठ्ठे, बारा. मग ग, म्हणजे आधीचा एक गठ्ठा, दोन. मग म, आधी काही नाही.

“पंधरावी,” तो म्हणाला.